पुढचे चाक

मोटारसायकलचे पुढचे चाक काढणे हा मराठीच्या प्राध्यापकाचा विषय नव्हे, हे मला मान्य आहे. दर आठवड्याला या पानावर मी शब्दांची उठाठेव करीत असतो. वाचकही ती सोशिकपणे वाचतात, क्वचित पत्र पाठवून माझे कानही उपटतात. अशा वाचकांच्या हाती दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी मी ग्रीस आणि गंज ठेवावा, हे औचित्याला धरून नाही. पण गेल्या दिवाळीतले माझे चार दिवस एका चाकापायी खर्ची पडले, आणि खरे सांगायचे तर त्या चार दिवसांत मला जेवढे मराठी शब्द भेटले तेवढे एखाद्या चर्चासत्रात दोन दिवस बसूनही भेटत नाहीत.

माझी सासुरवाडी तीर्थपुरीची. जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. दक्षिणेच्या अंगाला गोदावरी, आणि तिच्या खोऱ्यातली ती प्रसिद्ध काळी माती. शहरातल्या वाचकांना माती म्हटली की कुंडी आठवते, म्हणून दोन शब्द सांगतो. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, त्या भेगेत मूल पाय अडकवून रडेल इतकी. पावसाळ्यात मात्र ती जे धरते ते सोडत नाही. चप्पल धरते, बैलाचा खूर धरते, आणि मोटारसायकल आलीच तर तिचे पुढचे चाक धरते. चाक आणि वरचे मडगार्ड यांच्यामध्ये जी दोनेक बोटांची पोकळी असते तिच्यात ही माती चढत जाते, दाबून बसते, आणि शेवटी चाक फिरायचे थांबते. मग स्वाराने उतरायचे, बाभळीची काटकी मोडून घ्यायची आणि माती कोरून काढायची. शंभर पावले गेले की पुन्हा तेच.

माझे सासरे या मातीतून आयुष्यभर मोटारसायकल चालवीत फिरले. ते गुरांचे डॉक्टर होते. अडलेली गाय आणि फुगलेला बैल पावसाची उघडीप पाहून आजारी पडत नाहीत, त्यामुळे ज्या दिवशी कुणी घराबाहेर पडू नये त्याच दिवशी त्यांना हटकून बोलावणे यायचे. त्यांची गाडी म्हणजे १९६६ सालची बुलेट. साडेतीनशे सीसीची, गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असलेली. मूळची ही इंग्लंडातल्या रेडिच गावची. १९५५ साली मद्रासेत कंपनी निघाली, सुरुवातीला सुटे भाग बोटीने आणून जोडणी होई, पुढे सगळी गाडीच तिथे घडू लागली. गंमत अशी की रेडिचचा कारखाना १९६७ साली बंद पडला आणि १९७० पर्यंत ती विलायती कंपनीही संपली, पण तिची ही मद्रासी लेक अजून नांदते आहे.

योगायोगाची आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. आज आपण ज्या हवेच्या टायरवर फिरतो तो व्यवहारात आणणारा जॉन बॉइड डनलॉप हाही गुरांचाच डॉक्टर होता. स्कॉटलंडचा माणूस, बेलफास्टमध्ये धंदा. मुलाच्या तीनचाकी सायकलीला दगडी रस्त्यावर हादरे बसू नयेत म्हणून त्याने रबरी नळीत हवा भरली आणि १८८८ साली पेटंट घेतले. त्याच्याही चाळीस वर्षे आधी टॉमसन नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश माणसाला ही कल्पना सुचली होती, पण सायकलीच नसलेल्या जगात तिला विचारतो कोण! सासऱ्यांना मी ही हकीकत एकदा सांगितली होती. ते म्हणाले, "गुरांच्या डॉक्टरलाच सुचणार. माणसांचे डॉक्टर कुठं हिंडतात?"

सासरे जाऊन आता काही वर्षे झाली. गाडी ओट्यालगतच्या खोलीत उभी होती. गेल्या दिवाळीत प्रश्न आला तो कापसाचा. वेचणी जोरात होती, भाव पडलेला, तेव्हा माल थोपवून धरायचा तर ठेवायला जागा हवी. माझा मेहुणा सरळ मनाचा शेतकरी आहे. वडिलांच्या आठवणींवर त्याचे प्रेम नाही असे मी कधीही म्हणणार नाही, पण कापूस भिजला तर वर्ष भिजते. गाडी बाहेर काढावी म्हटले तर पुढचे चाक आवळून बसलेले. ढकलून तसूभर हलेना. शेवटी त्याने भंगारवाल्याला निरोप धाडला. तो पाडव्यानंतर येणार होता, गॅसची नळी घेऊन. जागेवर कापायची, वजन करायचे आणि न्यायचे. पावणेदोनशे किलोच्या घरातला ऐवज. जालन्याच्या पोलादाच्या भट्ट्या प्रसिद्ध आहेत. देशभरातले भंगार तिथे वितळते आणि घरबांधणीच्या सळया होऊन बाहेर पडते. म्हणजे पुढेमागे आमच्या बुलेटचा स्लॅबही पडला असता.

सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. फक्त एवढेच म्हणाल्या, "मिस्तरीनं हात लावून सांगू द्या, संपली म्हणून. मग न्या."

या मिस्त्रींविषयी आधी सांगायला हवे. वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांचे वडील बैलगाडीच्या चाकांना धाव चढवीत. धाव म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी. ती चाकाहून किंचित लहान घडवायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची म्हणजे ती फुगते, मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच वरून पाणी. लोखंड आवळते आणि लाकडाचे सारे सांधे असे घट्ट धरते की खिळा नको. मुलाने ती विद्या पाहिली, आणि गावात मोटारसायकली येऊ लागल्या तसा तो त्यांच्याकडे वळला. सासऱ्यांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. पण काचबिंदूने मिस्त्रींची दृष्टी आता जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार कळतो, इतकेच. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूसारखी ती शस्त्रक्रियेने उजळत नाही. म्हणून घरात चाळिशी ओलांडलेले कुणी असेल तर डोळ्यांचा दाब तपासून घ्या, हे मी जाता जाता सांगून ठेवतो.

मेहुण्याचा मुलगा त्यांना हाताला धरून घेऊन आला. मिस्त्री गाडीजवळ बसले, टाकीवरून हात फिरवला, मग खाली, चिमट्यावरून. पुढचे चाक ज्या दोन पायांत अडकलेले असते त्याला मिस्त्री चिमटा म्हणतात, आणि शॉकअपच्या त्या दोन नळ्या पाहिल्या तर याहून नेमका शब्द मला तरी सुचत नाही. ते म्हणाले, "ब्रेक धरलाय. चाक नाही गेलं, लायनर चिकटलंय. काढावं लागतंय. जावईबापू, तुमचा हात द्या."

मेहुणा कापसाच्या कामात, पोरगा अवघा पंधरा वर्षांचा. हात माझा उरला. वर्गात खडू धरणारा हात, पण मिस्त्रींना तेवढा पुरे होता.

आता चाक काढायचे म्हणजे काय, ते सांगतो. बुलेटचे पुढचे चाक काढणे हे मुळात अवघड काम नाही. गाडी मेन स्टॅण्डवर घ्यायची आणि स्टॅण्डच्या दोन्ही पायांखाली दोन बोटे जाडीची फळी सारायची. म्हणजे गाडी मागच्या चाकावर टेकते आणि पुढचे अधांतरी होते. ब्रेकची केबल ढिली करून तिचे टोक मोकळे करायचे. मग चिमट्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक टोपी असते. चाकाचा आख वरून चिमट्याच्या खाचेत आणि खालून या टोपीत धरलेला असतो. एका टोपीला दोन चाक्या, म्हणजे नट. चारी चाक्या सोडल्या, टोप्या काढल्या की चाक आपोआप पुढे निघून खाली येते. फक्त शेवटची चाकी सुटताना कुणीतरी चाक धरून बसायला हवे.

हे झाले पुस्तकातले. आमच्या चारी चाक्या कित्येक पावसाळ्यांची माती आणि गंज खाऊन बसल्या होत्या. पोराने नवा कोरा पान्यांचा संच आणला. तेराचा पाना बसेना, चौदाचा फिरून घसरेना का! मिस्त्री हसले. "ही इंग्रजी मापं हायेत. मिलिमीटरचा पाना लावून चाकीचे कोपरे मारू नका." ते खरेच होते. जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज कारागिराने १८४१ साली मळसूत्राच्या आट्यांची मापे ठरवून दिली. तोवर प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे, एकाची चाकी दुसऱ्याच्या बोल्टाला बसत नसे. पण त्याच्या पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, आतल्या बोल्टाच्या जाडीचा असतो. त्यामुळे पाव इंच लिहिलेला पाना प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून मोठा निघतो. जगाने पुढे मीटर स्वीकारले, आपणही स्वीकारले, पण जुन्या बुलेटच्या अंगावर हे विलायती आटे राहून गेले. मिस्त्रींच्या घरून त्यांचा कापडात गुंडाळलेला पाना आला. त्याची मूठ घासून गुळगुळीत झाली होती.

मळसूत्र, आटे, चाकी, टोपी, आख. मी वर्गात मुलांना सांगतो की तांत्रिक परिभाषेत मराठी तोकडी पडते. तीर्थपुरीत ओट्यावर बसून मला तसे वाटेना. बैलगाडीच्या चाकाच्या मध्यभागी असतो तो तुंबा, आणि मिस्त्री बुलेटच्या हबलाही तुंबाच म्हणत होते. तारांना आरे. आटे झिजले की आटे गेले. वॉशरला वायसर म्हणतात ते तर तुम्हीही ऐकले असेल. चाक वाकडे फिरत असेल तर त्याला औट आहे म्हणतात आणि तारा कसून तो काढावा लागतो. इंग्रजी शब्द घेतलाच तर त्याला असा घोळून घ्यायचा की तो आपल्याच घरचा वाटावा. परिभाषा कोशाच्या समित्यांवर एखादा मिस्त्री नेमायला हरकत नव्हती.

पहिल्या दिवशी आम्ही चाक्यांवर डिझेलचे थेंब सोडले आणि काहीच केले नाही. मिस्त्रींनी बजावले होते की घाई केली तर बोल्ट तुटेल, आणि तो चिमट्याच्या आत मोडला तर मग भंगारवाल्यालाच बोलवा. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सकाळी पुन्हा डिझेल, हलके हलके ठोके. दुपारी त्यांनी मला पाना लावायला सांगितला आणि माझ्या मुठीवर आपला हात ठेवला. म्हणाले, "ओढा. जोर नको, वजन टाका." पहिल्या चाकीने बारीकसा 'कट्' आवाज केला. "ही सुटली," ते म्हणाले. दुसरी तशीच, तिसरीही. चौथी मात्र आवाज न करता फिरू लागली, मऊ, साखरेच्या पाकाला तार यावी तशी ओढ देत. मला वाटले, बरे झाले, सहज निघते आहे. तोच मिस्त्रींनी माझे मनगट दाबले.

"थांबा. चाकी नाही फिरत, बोल्ट पिळतोय."

त्यांच्या हाताला हे माझ्या मुठीतून कळले होते. मग उलट, किंचित आवळायची. मग डिझेल. मग किंचित सोडायची. असे करीत करीत संध्याकाळ झाली, आत पूजेची तयारी होऊन सौ. दोनदा बोलावून गेली, आणि पणत्या लागायच्या वेळेला त्या चौथीनेही 'कट्' केले. मी मोठ्याने ओरडलो असे घरातले म्हणतात.

टोप्या काढताना मिस्त्रींनी एक गोष्ट कटाक्षाने करवून घेतली. डावी टोपी डाव्या खिशात, उजवी उजव्या खिशात, आणि पुढची बाजू कोणती याची खूण. टोपी आणि चिमट्याचा पाय यांचे गोल छिद्र एकत्र धरून कोरलेले असते, त्यामुळे जोड्या फोडल्या तर आख नीट धरला जात नाही. पोराने चाक धरले होते. ते त्याच्या मांडीवर अलगद आले.

आतला ब्रेक ड्रमला गंजाने चिकटला होता. ब्रेकच्या ताटलीवर चारी बाजूंनी टिचक्या मारीत ती सुटली, आणि आतून काळी पूड निघाली. पोरगा ती तोंडाने फुंकणार, एवढ्यात मी त्याला अडवले. या एका बाबतीत माझे पुस्तकी ज्ञान उपयोगी पडले. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. त्याचे सूक्ष्म तंतू श्वासातून फुप्फुसात गेले तर पुढे कित्येक वर्षांनी कर्करोगापर्यंत मजल जाते. ती पूड फुंकायची नाही, झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकायचे. मिस्त्री शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "आम्ही तर जन्मभर फुंकलं." यावर काय बोलावे मला सुचले नाही, मी फडके ओले करायला उठलो.

चाक मांडीवर घेऊन मिस्त्रींनी त्याची तपासणी केली, ती पाहण्यासारखी होती. एकेक आरा नखाने वाजवीत गेले. बैलगाडीचा आरा लाकडाचा, तो भार डोक्यावर घेऊन उभा असतो. सायकल-मोटारसायकलचा आरा म्हणजे नुसती तार, तिने भार काय पेलायचा! ती दोन्ही टोकांनी ताणलेली असते आणि सगळ्या तारांच्या ओढाताणीत चाक गोल राहते. म्हणून चांगली तार वाजते आणि ढिली तार बोलत नाही. दोन तारा मुक्या निघाल्या, एक तुटलेली. धावेला, म्हणजे रिमला, एका जागी गंजाने खड्डे, पण आरपार नाही. बेरिंगातले ग्रीस मेणासारखे वाळलेले, छर्रे मात्र धुतल्यावर गुळगुळीत. टायर-ट्यूब संपलेली, लायनर संपलेले.

मिस्त्रींनी चाक खाली ठेवले आणि सासूबाईंच्या आवाजाच्या दिशेने तोंड केले. "वहिनी, गाडी संपलेली नाही. डागदरसाहेबांनी काळजीनं ठेवली व्हती."

सासूबाई आत गेल्या. बाहेर आल्या त्या मिस्त्रींसाठी फराळाचे ताट घेऊन.

मेहुण्याचे काय, असे वाचक विचारतील. त्याने कपाळाला हात लावला नाही की गहिवरलाही नाही. त्याने विचारले, "मग हलते का आता? कापूस कुठं टाकू?" प्रश्न रास्त होता. आम्ही गाडी पुढून उचलून, मागच्या चाकावर ढकलीत, गोठ्यालगतच्या पत्र्याखाली नेली. रात्री खोलीत कापूस पडला. भंगारवाल्याला त्याने फोन करून एक गंजका नांगर आणि दोन पत्रे घेऊन जा म्हणून सांगितले. माणसाने शब्द दिला होता, रिकामा कसा पाठवायचा!

पोराने मध्येच आणखी एक टूम काढली. २०२१ साली केंद्र सरकारने नियम केला आहे की पन्नास वर्षांहून जुनी, मुळात फेरफार न केलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. घरात उत्साह पसरला. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये हे कळल्यावर तो थोडा ओसरला. पण खरा निकाल सासूबाईंनी लावला. अशी गाडी प्रदर्शनाला, शर्यतीच्या मेळाव्याला किंवा दुरुस्तीला नेता येते, रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही, असे मी नियम वाचून सांगितले. त्या म्हणाल्या, "म्हणजे बाजाराला नाही न्यायची? मग काढली कशाला?" विषय तिथेच मिटला. साधी नोंदणी नूतन करून घ्यायची ठरली. मला विचाराल तर सासूबाईंचे बरोबर आहे. काचेच्या कपाटात ठेवलेल्या वस्तूंवर माझाही फारसा जीव नाही, मग ते पुस्तक असो की बुलेट.

पाडव्याला पोरगा आणि मी जालन्याला जाऊन टायर, ट्यूब, तारा आणि नवे बिन-ॲस्बेस्टॉसचे लायनर घेऊन आलो. भाऊबीजेच्या दिवशी चाक चढवायचे ठरले. काढण्यापेक्षा चढवणे नाजूक. ब्रेकच्या ताटलीला एक खाच असते, ती चिमट्यावरच्या अडसरात बसलीच पाहिजे. ती सुटी राहिली तर ब्रेक दाबताच अख्खी ताटली चाकाबरोबर फिरते, केबल तोडते आणि चाक जागीच आवळते. म्हणजे स्वार गाडीच्या आधी पुढे जातो. मिस्त्रींनी ती खाच तीनदा चाचपली. आपली बोटे तिथे ठेवूनच त्यांनी मला टोप्या लावू दिल्या. डाव्या खिशातली डावीकडे, उजव्या खिशातली उजवीकडे. चाक्या आधी हातानेच. मग गाडी स्टॅण्डवरून उतरवून, हँडल धरून चिमटा तीन-चार वेळा खाली दाबायचा, म्हणजे दोन्ही पाय आपापली जागा घेतात. नंतर चारी चाक्या थोड्या थोड्या, आळीपाळीने. एक बाजू एकदम आवळायची नाही.

मग पुन्हा फळी, पुन्हा चाक अधांतरी. पोराने चाक फिरवले. अंगणात सौ. आपल्या भावाला ओवाळीत होती, तिथले बोलणे मिस्त्रींनी हात वर करून थांबवले. ते मान वाकडी करून ऐकत होते. आम्हाला नुसते फिरणारे चाक दिसत होते.

"उजवीकडं सूतभर औट हाय," ते म्हणाले. "व्हॉल्व्हपासून तिसरी तार. अर्धा आटा."

पोराने तार कसली. चाक पुन्हा फिरले. मिस्त्रींनी ब्रेक दाबून पाहिला, सोडून पाहिला, परत दाबला. मग पाना फडक्यात गुंडाळला, पण बरोबर नेला नाही, पोराच्या हातात दिला.

"संक्रांतीला मागचं काढू," ते म्हणाले. "त्याला चेन असती. ते तू काढायचं."